गाईच्या घासाची पिशवी

केजच्या बाजारात प्लास्टिकवरून मी इतकी भांडलेय, की मला बघितलं की दुकानदार आधी कागदी पिशवी काढतात. शाळेत पोरांनाही तेच शिकवते. आणि घरी? उरलेली पोळी-आमटी शेजारणीच्या गाईसाठी कॅरीबॅगमध्ये घालायची, कुत्र्यांनी सांडू नये म्हणून गाठ मारायची, दारात ठेवायची अन् शाळेला पळायचं. कागदी पिशवी आमटीनं भिजून फाटते, त्याला मी काय करू? संध्याकाळी रिकामी पिशवी तिथंच पडलेली असायची. गाय लई शहाणी, पिशवी सोडून खाते, असं मी कौतुकानं सांगायची.

एका शनिवारी पिशवी दिसली नाही. वाऱ्यानं गेली असेल, म्हटलं. रविवारी सकाळी शेजारणीच्या अंगणात जनावरांचे डॉक्टर. तिची ही एकच गाय, त्यात दिवस भरत आलेली. पोट फुगलेलं, रवंथ बंद. डॉक्टर म्हणाले, "प्लास्टिक खाल्लेलं दिसतंय. औषध दिलंय. संध्याकाळपर्यंत रवंथ सुरू झाला तर निभावलं, नाहीतर पोट फाडावं लागेल. मग वासराचं काही सांगता येत नाही."

कालची न दिसलेली पिशवी डोळ्यांपुढं आली. घरात येऊन गॅस पेटवला, बंद केला. वह्या तपासायला घेतल्या, एकच पान तीनदा वाचलं. पुन्हा खिडकीशी. गाय मान टाकून उभी, शेजारीण तिच्या पाठीवरून हात फिरवतेय. सांगायला तोंड नाही, न सांगता चैन नाही. दुपारी चहा घेऊन गेले अन् कप ठेवून तशीच परत आले. स्वतःचाच इतका राग आला, की खुंटीवरची कागदी पिशवी चुरगाळून फेकली. तिचा बिचारीचा काय दोष.

ऊन उतरताना शेजारणीनं हाक मारली, "बाई, या, बगा."

गाय बसली होती. जबडा हळूहळू हलत होता. मला रडूच फुटलं. म्हटलं, "पिशवी माझी होती गं."

"ठावं हाय." तिची नजर गाईवरच. "रोज तुमी गेल्यावर मीच गाठ सोडून चारायची. काल लेकीकडं घाटनांदूरला गेलते."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुमी पोरांला शिकवता, बाई. तुमाला मी काय सांगू?"