निकालात नसलेला पावणा

दोन हजार अठरा साल. मी सदुसष्ट वर्षांचा होतो, आणि शहापूर-मुरबाड या दोन तालुक्यांत माझ्याइतका हट्टी माणूस नाही अशी माझी समजूत होती. ती माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने मोडली.

हा मुरबाडकडचा. आम्ही त्याला पावणे म्हणायचो. त्याची अट एकच, त्याला विचारलं पाहिजे. लग्नाचं आवतण मोबाइलवर आलं तर ते आलंच नाही असं तो धरायचा. सख्ख्या पुतण्याच्या लग्नात बोलवायला कोणी दारी गेलं नाही, तर हा धुतलेलं धोतर नेसून मांडवाबाहेर दगडावर बसला. ताट तिथे न्यावं लागलं. जेवला पोटभर, भात दोनदा मागितला, पण मांडवात पाय टाकला नाही. गावच्या विहिरीचा गाळ काढायचं ठरलं त्या बैठकीला याला सांगायचं राहिलं, म्हणून तिथे बसूनही याने संमतीचा हात वर केला नाही. मग चार दिवस सगळ्यांच्या आधी विहिरीत उतरला. म्हणायचा, "काम येगला, कबुली येगली." मी चौथी शिकलोय, तो तेवढंही नाही, पण बोलायला लागला की वकील गप्प बसावा.

शेणवे गावच्या शेतावरून माझी चुलतभावाशी केस चालली, चौदा वर्षं. हा प्रत्येक तारखेला यायचा, माझ्या बाजूला बाकावर बसून चुलतभावाकडे डोळे वटारायचा. निकाल माझ्या बाजूने लागला तेव्हा पेढे यानेच वाटले. पुढे कोर्टाचा बेलीफ मला ताबा द्यायला आला. शेत फिरत ओढ्याकडच्या कोपऱ्याला पोचलो, तर हा मधोमध उकिडवा बसलेला.

"पावणे, उठा. निकाल झालाय."

"तुमचा दोघांचा झालाय, दादा. मला कोणी विचारलाय?"

"चौदा वर्षं तुमी बाकावर व्हते ना?"

"बाकावर व्हतो. कागदावर नव्हतो."

बेलीफ हसला. माझा वकील हसला नाही.

तो कोपरा माझ्या बापाने बहिणीला, सखूला, लग्नात चोळीबांगडीला दिलेला. तोंडी. आमच्याकडे असं देतात आणि दिलेलं कोणी लिहीत नाही. दर उन्हाळ्यात हा मुरबाडहून येऊन तिथे पालापाचोळा पेटवून भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा, पावसात भात लावायचा. बहीण वारली तरी यायचा राहिला नाही. कोर्टात मात्र मी शपथेवर सांगितलं होतं, सगळं शेत मीच कसतो. कोपरा तेव्हा ध्यानातच आला नाही, असं मी लोकांना सांगायचो.

याने हरकतीचा अर्ज टाकला. वकील मला म्हणाला, "तुमची बहीण त्या केसमध्ये नव्हती. तिच्या वारसाचं ऐकावंच लागेल. पण त्याच्याकडे पुरावा नाही. तुम्ही एवढंच म्हणा, मला माहीत नाही."

तारखेला जज्जसाहेबांनी याला विचारलं, "जमीन दिली त्याला साक्षीदार कोण?"

याने माझ्याकडे बोट केलं. "ह्यो एकटाच उरलाय."

"ज्याच्याविरुद्ध हरकत, तोच साक्षीदार?"

"दुसरा कुठून आणू, साहेब?"

कोर्ट हसलं. माझी साक्ष पुढच्या तारखेला ठेवली.

बाहेर टपरीवर मी त्याच्याकडे पाठ करून चहा घेत होतो. तोच बोलला. "हरलो तरी चालंल, दादा. आज शिपायाने सखूचा नाव पुकारला, बापाच्या नावासकट. सातबाऱ्यावर कंदी आला नाय तो नाव. मयत म्हणून पुकारला, पण मोठ्याने पुकारला."

मग त्याची मुरबाडची एस्टी आली आणि तो गेला. मी घरी आलो. बायकोने काय झालं विचारलं, मी तारीख पडली एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वकिलाने ऑफिस उघडलं तेव्हा मी पायरीवर बसलो होतो. म्हटलं, "लिहा. ओढ्याकडचा कोपरा बापाने माझ्यासमोर सखूला दिला." तो म्हणाला, "अहो, तुम्ही शपथेवर उलट सांगितलंय." मी म्हटलं, ते पण लिहा.