पडवीतली धूळ

गिरणीपाशी भाताच्या तुसाचा वास आला की मला उत्रोलीचं सासर आठवतं. तेव्हा भोरला संस्थानचा अंमल होता. रानमांजराच्या धास्तीनं सासूबाई अंडी देणाऱ्या कोंबड्या पडवीतच ठेवायच्या, खाली तूस पसरून. कोंबड्यांनी पंख झाडले की धूळ उठायची आणि पलीकडे अंथरुणावर पडलेल्या सासऱ्यांना दम लागायचा. मी तुसावर पाणी शिंपडलं. धूळ बसली, पण तूस कुजून घाण वास सुटला आणि कोंबड्या अंडी देईनाशा झाल्या. “पानी माराया कुनी सांगितलं हुतं?” सासूबाई कडाडल्या. मग मी तूस काढून जमीन सारवली, तर दुपारपर्यंत कोंबड्यांनी ती उकरून ठेवली. रडकुंडीला येऊन मी म्हणाले, “आत्याबाई, परड्यात खुराडं बांधू या.” “आन् मांजरानं नेल्या मंजी?” आमची वादावादी ऐकून सासऱ्यांनी खोकत खोकत घोंगडं उचललं. “कोंबड्या ऱ्हाऊ द्या हितंच. म्या गोठ्यात निजतो,” म्हणाले. गोठ्यात त्यांचा दम खरंच कमी झाला आणि सासूबाईंच्या लेखी प्रश्न मिटला. मी मात्र म्हातारी झाले तरी चिडते. कोंबड्या घरात राहिल्या आणि घरधनी गोठ्यात गेला, यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.