गप्प पेट्यांची खबर घेणारे श्रीपादराव

श्रीपादराव हल्याळकर यांची आणि माझी पहिली भेट माझ्या दुकानाच्या फळीपाशी झाली. येलहंक्याच्या जुन्या बाजारात माझे रेडिओदुरुस्तीचे लहानसे दुकान होते. एके दिवशी पांढऱ्या बुशशर्टातले एक गृहस्थ आले, फळीवर पंपाचा स्टार्टर ठेवला आणि म्हणाले, "हा गाणी म्हणत नाही, पण भलत्या वेळी गुरगुरतो. बघता का जरा?"

मी म्हटले, "अण्णा, हे माझं काम नव्हे."

"माझंही नव्हतं. उघडून बघितलं, तेव्हापासून झालं."

आम्ही दोघांनी मिळून तो उघडला. पुढे दुकान बंद करून मी त्यांच्या बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात गेलो, तो आजतागायत तिथेच आहे. वयाने मी त्यांच्यापेक्षा मोठा. त्या अधिकाराने हा लेख लिहितो आहे.

त्यांच्या साठीच्या या गौरवग्रंथात थकव्याविषयी लिहू नये असे संपादक मंडळींनी सांगितलेले नाही, म्हणून आधी तेच लिहितो. श्रीपादराव दमले आहेत. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या छातीत कळ आली. सकाळची धावपळ आणि जिवाला घोर, दोन्ही सोडा, असे डॉक्टरांनी बजावले. त्यांनी सोडले नाही. कारण त्यांच्या खिशातल्या मोबाइलमध्ये एक कार्ड होते, आणि ते कार्ड त्यांना सुटत नव्हते. ते का सुटत नव्हते हे सांगितले, की त्यांच्या कामाविषयी आणि स्वभावाविषयी वेगळे सांगायला नको.

कारखान्यात आम्ही पंपांचे आणि जनरेटरचे पॅनेल बनवतो. शहरात मोबाइल आले तेव्हा दर ऐकून माणसांचीच बोलायला छाती होत नव्हती, आणि श्रीपादराव ते यंत्रांना द्यायला निघाले! कल्पना साधी होती. करंट गेला किंवा उष्णता वरखाली झाली, की यंत्राजवळच्या पेटीने मालकाच्या मोबाइलवर निरोप पाठवायचा. टेलिफोनची तार पाऊस पडला की मुकी होते. म्हणून पेटीत मोबाइलचे कार्ड.

पहिली पेटी घेतली गौरम्मांनी. त्या मूळच्या बेळगावकडच्या; येलहंक्याच्या पलीकडे त्यांची अंडी उबवायची हॅचरी आहे. शहरात तेव्हा कार्ड देणाऱ्या दोन कंपन्या होत्या. आमच्या ऑफिसच्या खिडकीत एकीचा सिग्नल भरभरून यायचा, म्हणून सगळ्यांनी तीच घ्या म्हटले. श्रीपादराव दोन्ही कंपन्यांचे दोन मोबाइल घेऊन हॅचरीत गेले, उबवणीच्या खोलीची दारे लावून घेतली आणि पेटी बसणार होती त्या कोपऱ्यात पाटावर बसले. आत भट्टीसारखे गरम. घटकाभराने दार उघडून कोणता मोबाइल तग धरतो ते मला सांगायचे, पुन्हा आत. गौरम्मा पदराने वारा घेत म्हणाल्या, "अण्णा, माझी कोंबडीसुद्धा इतकी बसत नाही हो!"

"कोंबडीला पिल्लू दिसतं तरी शेवटी," श्रीपादराव घाम पुसत म्हणाले, "मला नुसत्या सिग्नलच्या दांड्या."

खिडकीत मार खाणाऱ्या कंपनीचे कार्डच त्या बंद खोलीत टिकले. आपण उभे आहोत तिथे नव्हे, यंत्र राहणार तिथे जाऊन बघायचे, हा त्यांचा नियम तिथूनचा. आजही नवी पेटी लावायची म्हणजे कुणाला तरी तिच्या जागी बसावे लागते. मी टाकीखाली बसलो आहे, शीतघरात कुडकुडलो आहे.

कार्ड आणायला आम्ही बरोबर गेलो होतो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, प्रीपेड घ्या, सोपं पडेल."

"संपलं की भरायला कोण येणार? जो वापरणार आहे त्याला चालता येत नाही."

"अय्यो! आजारी आहेत का?"

"नाही हो, पेटी आहे."

तिने आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघितले, कानडीत "सरी सर", म्हणजे बरं सर, म्हणाली, आणि महिन्याच्या बिलाचे कार्ड श्रीपादरावांच्या नावावर करून दिले.

काही महिने सगळे सुरळीत चालले. मग एका दुपारी हॅचरीतला करंट गेला आणि जनरेटर चालू झाला नाही. गौरम्मा गावात लग्नाला गेल्या होत्या; पेटी आहे म्हणून निर्धास्त होत्या. पेटीने आपल्या बॅटरीवर निरोप पाठवायचा प्रयत्न केला, पण कार्ड बंद होते. कंपनीच्या माणसांनी ग्राहक खरा आहे का हे तपासायला त्या नंबरावर पुन्हा पुन्हा फोन केले होते. पेटी काय फोन उचलणार! ग्राहक बोलत नाही, कुणाला फोनही करत नाही, तेव्हा बोगस असावा, असे धरून त्यांनी कार्ड तोडले होते. फुटायला आलेली अंडी पंख्यांवाचून गुदमरली.

आम्ही पोचलो तेव्हा गौरम्मा पायरीवर बसल्या होत्या. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "ओरडली असती तर मी धावत आले असते, अण्णा. तुमची पेटी गप्पच राहिली."

कंपनीवर बोट दाखवायला जागा होती. श्रीपादरावांनी ते केले नाही. "कार्ड मी निवडलं. जागा बघितली, सिग्नल बघितला, कार्डवाल्यांना कसला ग्राहक हवा असतो ते बघितलं नाही," असे गौरम्मांना सांगून त्यांनी बाह्या वर केल्या आणि हॅचरीत कामाला असलेल्या बायकांबरोबर ते ट्रे रिकामे करू लागले. त्या ट्रेमध्ये काय होते ते मी लिहीत नाही. घरी परतताना मला म्हणाले, "काही बिघडलं तरच बोल, असं आपणच तिला शिकवलं. मग गप्प पेटी बरी आहे की मेली, कुणाला कळणार?"

तेव्हापासून आमची प्रत्येक पेटी रोज सकाळी 'ओके' एवढा निरोप पाठवते. कार्डही जिवंत राहते आणि पेटीही जिवंत आहे हे कळते. तो निरोप कुणाकडे जायचा? मालक कंटाळतील, नोकर विसरतील, म्हणून श्रीपादरावांनी प्रत्येक पेटीत स्वतःचा नंबर घातला. आणि निरोप आला नाही, तर स्वतः फोन करायचा, नाहीतर स्कूटर काढायची.

पुढे पेट्या वाढल्या. बोम्मसंद्र्याची शीतघरे, बेळ्ळंदूर तळ्याकाठचे पंप, कुठली कुठली पिठाची गिरणी. सकाळ उजाडली की खिसा टिवटिवायला लागायचा. बेळ्ळंदूरचा निरोप उशिरा आला की चहा निवायचा. त्यांच्या पत्नी सुमतीवहिनी म्हणायच्या, "दारात बसून पोरांची हजेरी घेणारे मास्तर बरे. त्यांना रविवार तरी असतो."

त्यांच्या मायेविषयी लिहायचे तर आधी माझ्याविषयी लिहायला हवे. माझे शिक्षण गावच्या शाळेत, तेही अर्धवट. आणि या यंत्रांची सगळी पुस्तके इंग्रजीत. जेवणाच्या सुट्टीत श्रीपादराव पुस्तक घेऊन माझ्या टेबलाशी यायचे, "मला नीट कळलंय का बघू, ऐका जरा" म्हणायचे आणि एकेक पान मराठीत सांगायचे. त्यांना ते पहिल्या वाचनातच कळलेले असायचे, हे मला पुष्कळ उशिरा समजले. इतरांसमोर त्यांनी मला कधी शिकवले नाही.

उन्हाळ्यात ते इस्पितळात होते तेव्हा नर्सबाईंनी मोबाइल काढून घेतला. तर हे वहिनींना व्हरांड्यात उभे करून निरोप वाचायला लावायचे. वहिनी दारातून बोटांनी खुणा करायच्या. एक दिवस त्या माझ्यापाशी येऊन रडल्या. "भाऊजी, हे कार्ड यांना घेऊन जाईल. काहीतरी करा."

कारखान्यात शुभदा नावाची इंजिनिअर आहे, नागपूरची. तिने एक मोबाइल कॉम्प्युटरला जोडून असे केले, की सकाळचे निरोप कॉम्प्युटर वाचेल आणि कुणाचा आला नाही तेवढेच सांगेल. अडचण एकच. सगळ्या पेट्यांत श्रीपादरावांचा नंबर. म्हणजे कार्ड तेच हवे. गेल्या आठवड्यात आम्ही दोघे त्यांच्या घरी ते मागायला गेलो.

"आणि त्या कॉम्प्युटरची खबर कोण घेणार?" त्यांनी विचारले.

"आम्ही सर. पाळी लावलीय. एक आठवडा मी, एक आठवडा काका."

त्यांनी मोबाइल खिशातून काढून हातात घेतला. मग म्हणाले, "तुझ्या सकाळी कशाला खराब करू, पोरी? मला सवय झालीय."

मला राहवले नाही. "तुम्ही एकट्यानं घेतलंत म्हणून ते ओझं झालं," मी म्हटले. "चौघांत वाटलं तर नुसतं काम आहे. आणि उद्या तुम्हाला काही झालं, तर पेट्यांचे निरोप यायचे ते कुणाला?"

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. श्रीपादरावांनी मोबाइल उलटा केला, बॅटरी काढली, नखाने कार्ड सरकवले आणि शुभदाच्या तळहातावर ठेवले. "बेळ्ळंदूरची जरा उशिरा बोलते," म्हणाले, "लगेच घाबरायचं नाही."

पहिली पाळी माझी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉम्प्युटरपुढे बसलो, तोच ऑफिसचा टेलिफोन वाजला. श्रीपादराव.

"सगळ्या बोलल्या?"

"सगळ्या बोलल्या. तुम्ही कसे आहात?"

 मग अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "दमलोय हो. फार दमलोय."

इतक्या वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. मी म्हटले, "मग झोपा." आणि ते, खरोखर, "बरं" म्हणाले.

स्नेही मंडळी, समारंभाच्या दिवशी त्यांना हार घाला, पण फार वेळ उभे करू नका. देवाने त्यांना उदंड आयुष्य आणि धडधाकट छाती द्यावी. आणि सकाळच्या वेळी, माझी हात जोडून विनंती आहे, त्यांना कुणी फोन करू नये.