जागा सोडलेलं सिलिकॉन

बॅटरी कंपनीच्या प्रयोगशाळेत तिला फुगेवाली म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक होतं. रागही नव्हता, कारण नाव खोटं नव्हतं. तिच्या कप्प्यात पाकिटासारख्या चपट्या बॅटऱ्या होत्या आणि त्यातली एकही आता चपटी उरली नव्हती. सगळ्या उशीसारख्या टम्म.

दोष सिलिकॉनचा होता. बॅटरीत नेहमी वापरतात त्या ग्राफाइटपेक्षा ते कितीतरी पट जास्त वीज साठवतं, म्हणून सगळ्या जगाचा त्याच्यावर डोळा. पण चार्ज होताना ते तिपटीने फुगतं, वीज सोडताना आकसतं आणि या धडपडीत त्याचा भुगा होतो.

मुलं लहान असताना तिने नोकरी सोडली होती. परत आली तेव्हा कॉलेजात तिच्या मागच्या वर्गात असलेला मुलगा विभागप्रमुख होऊन बसला होता. चारचौघांत तो तिला मॅडम म्हणायचा, दार लोटलं की ताई. त्या दिवशी त्याने दार लोटलं.

"ताई, वरून विचारणा झालीये. सिलिकॉनचं काम गुंडाळा म्हणतात."

"आणि तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? दाखवायला माझ्याकडे फुगेच आहेत."

तिला हसू आलं. बराच काळ डोक्यात घोळत असलेलं तिने बोलून टाकलं. त्यांच्याकडे कोळशाचे बारीक कण होते, आतून स्पंजसारखे पोकळ. भट्टीत सिलिकॉन असलेला वायू सोडून त्या पोकळीत सिलिकॉन बसवायचं, ही रीत जुनीच. पण जो तो पोकळी काठोकाठ भरायच्या मागे.

"आपण अर्धीच भरू," ती म्हणाली.

"म्हणजे साठवण कमी! मी आकडा काय दाखवू?"

"अरे, वाढत्या पोराचा सदरा अंगाबरोबर शिवतं का कुणी? शिवणीत माया सोडावी लागते. याला फुगायचंय ना, फुगू दे. आतल्या आत फुगू दे."

"वरच्यांना सांगू, मॅडमनी माया लावलीये?"

"सांग. पण भट्टी दे."

त्याने लहान भट्टी दिली. मोठीवर इतरांचा नंबर होता.

पहिली खेप निघाली, बॅटऱ्या बनल्या, आणि त्या फुगल्या नाहीत. तिला वाटलं, जिंकलो. पण काही दिवसांतच त्यांतला जीव गेला. एक उघडून पाहिली, तर आतला वीज वाहून नेणारा द्रव पार आटलेला. रिकाम्या ठेवलेल्या जागेत तोच घुसला होता आणि सिलिकॉनशी भांडून संपला होता. घरी आली तेव्हा नवऱ्याने चेहरा पाहूनच चहा टाकला. तिला तेच हवं होतं.

सकाळी भाजी चिरता चिरता तिने सुरी खाली ठेवली. जागा ठेवायची, पण दार बंद करायचं! सिलिकॉन आत बसलं की कणावर कोळशाचाच पातळ थर चढवायचा. वीज आत-बाहेर करील, द्रव मात्र शिरणार नाही. भाजी नवऱ्याच्या हवाली करून ती निघाली.

थर जाड झाला की वीज अडायची, पातळ झाला की गळायचा. भट्टीपुढे तिने कितीदा कपाळाला हात लावला, त्याचा हिशेब नाही. शेवटी एक खेप जमली. त्या बॅटऱ्या यंत्रावर चार्ज होत राहिल्या, रिकाम्या होत राहिल्या, आठवडे गेले, महिने गेले. विभागप्रमुख रोज यायचा, बॅटऱ्यांची जाडी मोजायचा आणि काही न बोलता जायचा. नजर लागेल अशी त्याला भीती. एके दुपारी मात्र त्याला राहवलं नाही. सगळ्यांसमोर तो ओरडला, "ताई! अगं, ही अजून सपाट आहे!"

मॅडम म्हणायचं तो विसरला ते विसरलाच.

खरी परीक्षा रस्त्यावर व्हायची होती. तिचा थोरला भाऊ विजेच्या टेम्पोतून फर्निचर पोचवायचा. रोज दुपारी त्याला चार्जिंगला ताटकळावं लागे. कंपनीला चाचणीसाठी रोज राबणारं वाहन हवं होतं; तिने भावाचं नाव सुचवलं. सुरक्षेच्या सगळ्या तपासण्या झाल्यावर तितक्याच आकाराची नवी बॅटरी टेम्पोत बसली.

"मध्येच बंद पडला तर कपाटं तुझ्या डोक्यावर देईन," भाऊ म्हणाला.

"दे दादा. आधी जाऊन तर ये."

दुपार टळली. ती खिडकीपाशी तीनदा जाऊन आली. ऊन उतरलं तेव्हा फाटकातून हॉर्न वाजवत टेम्पो आत आला. भाऊ खाली उतरला नाही, खिडकीतूनच बोलला.

"चार्जिंगला थांबलोच नाही! सगळी कपाटं पोचवली, वर वाटेत एकाचा सोफाही नेऊन दिला. अजून बॅटरी उरलीये. बस, तुला घरी सोडतो."

विभागप्रमुख धावत आला. "मीही येतो!"

"मागे बसावं लागेल साहेब."

साहेब खरोखरच मागे चढले, रिकाम्या हौद्यात, कोटासकट. आवारातले लोक शिट्ट्या मारायला लागले. पुढच्या महिन्यात मोठी भट्टी तिच्या कामाला लागली आणि पहिल्याच खेपेला काळ्या पावडरीचं पिंप भरून आलं. तिने दोघा मदतनिसांना हाक मारली आणि स्वतःच पिंपाला हात घालत म्हणाली, "उचला रे, नीट. लय जड आहे."