हलवून न पाहिलेली डिश

वंदनाशी मी एकच शब्द खोटा बोललो. तो शब्द ‘हाव’, आमच्याकडचं ‘हो’. तिनं विचारलं होतं, “टाकायच्या आधी डिश हलवून बघितली होतीस ना?” मी मान वर न करता म्हणालो, “हाव, बघितली.” नव्हती बघितली. तिला जाऊन महिना होत आला, पण वर्गात शिकवताना, एसटीत बसल्यावर, जेवताना तो प्रश्न मध्येच कानाशी येतो आणि मी उठून उभा राहतो... कुठं जायचं हे ठाऊक नसतं, तरी.

आम्ही दोघं नांदेडला एकाच प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होतो. ती चाकूरची, मी केळीच्या बागांच्या अर्धापूरचा, म्हणून मी तिचा ‘केळीवाला’. आपण जिथं टेकलोय ती जागा मऊ आहे की कडक, हे पेशीला कसं कळतं, हा तिचा विषय. “तिला ना डोळे, ना बोटं. मग?” असं विचारून उत्तरही तीच द्यायची. पेशीच्या आवरणात चिकटून धरणारी प्रथिनं असतात. त्यांचं एक टोक बाहेर बुडाला, म्हणजे खालच्या थराला धरतं, दुसरं आतल्या धाग्यांना जोडलेलं असतं, आणि पेशी आतून ओढत राहते. “आमचा बैल बघ. खुंटा पक्का असला की दाव्याला ताण बसतो. चिखलात ठोकला असला की खुंटाच सरकतो, ताण बसतच न्हाई.” बूड कडक असेल तर ताण वाढतो, तिथं आणखी प्रथिनं गोळा होतात, पकड घट्ट होते आणि पेशी हातपाय पसरते. बूड मऊ असेल तर पकड वाढत नाही, पेशी गोल राहते. गोल, पण जिवंत.

अडचण अशी, की मेलेली पेशीही गोलच दिसते. म्हणून डिश हलकेच हलवायची. मेलेल्या सुटून तरंगतात, जिवंत जागच्या हलत नाहीत. हे मलाही माहीत होतं... हेच तर आहे.

पेशी वाढवण्यासाठी तिनं डिशांत जेलचे कडक आणि मऊ असे थर बसवले होते. सगळ्यात मऊ जेल काही केल्या जमत नव्हता, सारखा फाटायचा. एकदाचा जमला आणि नेमकं तिच्या भावाचं लग्न निघालं. डिशा माझ्यावर सोपवून ती चाकूरला गेली. मी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, सगळ्या गोल. माझ्या स्वतःच्या डिशांना उबदार कपाटात जागा हवी होती. पेशी मेल्याच असं धरून मी तिच्या मऊ डिशांत ब्लीच ओतलं आणि त्या टाकून दिल्या.

ती लग्नाची बुंदी घेऊन आली. डबा माझ्या टेबलावर ठेवत म्हणाली, “घे केळीवाल्या, तुझ्या राखणीचा पगार. डिशा कुठंयत माझ्या?”

“मऊ जेलवरच्या मेल्या होत्या. टाकल्या.”

तेव्हा तिनं तो प्रश्न विचारला. मी ‘हाव’ म्हणालो. ती स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. तो जेल पुन्हा तसा जमला नाही, मार्गदर्शकांचा धीर संपला, शिष्यवृत्तीची मुदतही. ती लातूरला जाऊन क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवू लागली. त्यानंतर आमच्या प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या एकानं तसाच मऊ जेल केला. पेशी तशाच गोल. त्यानं डिश हलवली, एकही हलली नाही. मी बाहेर व्हरांड्यात आलो, वंदनाला लावायला फोन काढला आणि खिशात ठेवला. आता सांगून काय उपयोग, असं मनाला म्हणालो.

पुढं लातूरला गेलो की मी तिच्याकडेच जेवायचो. जेवण झालं की ती आतल्या खोलीकडे हाक मारायची, “अहो, दही लावा.” तिचे यजमान शिवअण्णा, कापडाचे दुकानदार, हात पुसत यायचे. “बघा सर, एम.एस्सी. बाई घरात अन् विरजण लावायचं कापडवाल्यानं!” ती हसायची. “माझ्या हाताला गुण न्हाई. जिवंत काही टिकत न्हाई माझ्या हातानं.” मीही हसायचो. दुसऱ्या दिवशी तेच दही खाऊन नांदेडची गाडी धरायचो.

शेवटी तिच्या आजारपणात दवाखान्यात भेटलो, तेव्हा सांगायचंच ठरवून गेलो होतो. ती म्हणाली, “पोरांना अजून खुंट्याचंच सांगते मी. लई हसतात.” मी खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. मग “शहाळं आणतो” म्हणून खाली उतरलो. परत आलो तर तिला झोप लागली होती. त्यानंतर ती गेल्याचा अण्णांचा फोनच आला.

मागच्या आठवड्यात लातूरला गेलो. अण्णा एकटेच होते. मला स्वयंपाकघरातच पाट दिला. बोलता बोलता त्यांनी फडताळातून विरजणाचं भांडं काढलं आणि लागलंय का बघायला हलकेच एका अंगाला कलतं केलं. दही हललं नाही.

मी उठून उभा राहिलो. “अण्णा, वंदनाच्या हाताचा काही दोष नव्हता. नांदेडच्या त्या पेशी जिवंत असणार, माझी जवळजवळ खात्री आहे. मी डिशा न हलवताच टाकल्या. तिनं विचारलं तेव्हा खोटं बोललो.”

त्यांनी भांडं खाली ठेवलं. बराच वेळ त्यावर झाकण नीट बसवत राहिले.

“मंजे... तिच्या हातानं मेल्या न्हवत्या?”

“न्हाई.”

“मग हे तिला सांगायला पायजे होतं, सर. एवढी वर्षं घरात दुधाला हात लावला न्हाई तिनं.”

“हाव,” मी म्हणालो. “चुकलो, अण्णा. माफ करा मला.”