खांद्याखालचं आभाळ

कलावंताचं आकाशाशी जन्माचं नातं असतं. माझं गेल्या वर्षी तुटलं, कारण उजवा हात खांद्याच्या वर जाईना. शुगर असली की खांदा असा आखडतो, असं डॉक्टर म्हणाले. सुटेल केव्हा, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

फिजिओथेरपीवाले भैया मला भिंतीवर बोटं चालवायला लावत. बोटं कॅलेंडरवरच्या तारखा चढून जात आणि वरच्या देवीच्या पायांशी थांबत. इकडे इलाइट चौराह्याजवळच्या हॉलमध्ये प्रदर्शन ठरलेलं, आणि त्यातलं सगळ्यात मोठं चित्र, लहानपणी आईबरोबर पाहिलेला लक्ष्मी ताल हा तलाव, अर्धवट पडलेलं. खाली पाणी, घाट, आणि वर कोरा कॅनव्हास. तो तसाच टांगून ‘शून्य’ असं नाव दे, असं एका चित्रकार मित्राने सुचवलं. पण लहानपणी मी तिथे शून्य पाहिलं नव्हतं.

स्टुलावर चढले, तर आईने खाली उतरवलं. एक अवयव गेलाय तेवढा पुरे, असं तिचं मत.

“भिंतीशी कुस्ती कशाला खेळतेस? जमिनीवर घे. मी काय रांगोळी भिंतीवर काढत होते?”

चित्र आडवं झालं. आभाळाच्या बाजूला पाट मांडून मी बसले, आणि समोर खुर्चीवर देखरेखीला आई. मी निळा रंग घातला, तो तिला पटेना.

“त्या दिवशी धूळ उडत होती.”

“मला निळंच आठवतंय.”

“तुला काय आठवणार? डोळ्यांत धूळ गेली म्हणून रडत होतीस.”

ही साक्ष खोडून काढणं अवघड होतं. आभाळ मातकट झालं, आणि माझ्या निळ्यापेक्षा बरं झालं. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

उद्घाटनाला प्रमुख पाहुणे त्या आभाळावर बराच वेळ बोलले. त्यात त्यांना बुंदेलखंडाचा आत्मा दिसला. आई शेजारच्या बाईंना धुळीचं सांगत होती. मग शाल घ्यायला मला स्टेजवर बोलावलं. मी खालीच उभी राहिले. पुन्हा नाव पुकारलं, तरी उभीच. पाहुणे क्षणभर गोंधळले, मग स्वतः शाल घेऊन उतरले आणि माइकवर गंभीरपणे म्हणाले, “सच्चा कलाकार मंच पर नहीं चढ़ता.”

टाळ्या बराच वेळ चालल्या.

महिनाभर पाटावर बसून माझा गुडघा धरला होता, आणि स्टेजच्या पायऱ्यांना कठडा नव्हता.