पानाकाकांचा दात

पानाकाका माणसाला आधी फटका द्यायचे आणि नाव नंतर विचारायचे. कसबा पेठेतल्या त्यांच्या सायकलच्या दुकानात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा डोक्यावर नवंकोरं हेल्मेट होतं. त्यांनी हातातला पाना त्यावर असा हाणला की माझी बत्तिशी वाजली. मग शांतपणे म्हणाले, "हेल्मेट बरं आहे. आतल्या मालाची खात्री देता येत नाही. नाव काय आपलं?" मी अमरावतीचा, त्यात जन्माचा तापट. दुसरा कोणी असता तर तिथेच गचांडी धरली असती. पण का कोण जाणे, मी मुकाट्याने नाव सांगितलं.

तो पाना त्यांच्या हातातून सुटायचा तो फक्त फेकण्यासाठी. गिऱ्हाईक हुज्जत घालायला लागलं की त्याच्या कानाजवळून सूं करत जाऊन समोरच्या भिंतीवर आदळायचा. कोणाला कधी लागला नाही, हे खरं. "लागला असता तर दवाखान्यात मीच नेलं असतं," असं ते वर सांगायचे. आमच्यासारख्या आयटीवाल्यांच्या परदेशी सायकलींचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. "सायकल कुठलीही असो, पडणार तुम्ही इथल्याच दगडावर," म्हणायचे आणि कामाला लागायचे.

आणि पडायचो आम्ही भरपूर. नगर रस्त्यावरच्या एका कंपनीत आम्ही चौघं कामाला होतो. दर रविवारी वाघोलीच्या पलीकडच्या टेकडीवरून सायकली बेफाम सोडायच्या आणि रक्तबंबाळ होऊन थेट कसब्यात जायचं. आमच्यातल्या निलेशचा निखळलेला अंगठा काकांनी "तिकडे बघ" म्हणून खस्सकन ओढून बसवला. तो गुरासारखा ओरडला तेव्हा काका म्हणाले, "ऑफिसात साहेबापुढे आवाज निघतो का हो एवढा?"

एका मे महिन्यात आम्ही त्यांना हिमाचलात घेऊन गेलो. तिथे डोंगरावर सायकलींचा एक पार्क होता. तारेवरून सरकणाऱ्या पाळण्यातून माणूस आणि सायकल वर जायची आणि झाडांमधून, कड्यांवरून उड्या मारत खाली यायचं. पहिल्याच दिवशी आमच्यासमोर एकाचं खांद्याचं हाड मोडून शर्टातून टोक दिसायला लागलं. दुसऱ्याचा ओठ हँडलवर आपटून नाकापर्यंत फाटला. काका पाळण्यात एकदाही बसले नाहीत. "वर जायची मला घाई नाही," म्हणाले.

ते खाली एका दगडावर बसायचे. प्रत्येक फेरीआधी सायकल त्यांच्यापुढे उलटी करायची, असा नियम. ते डोळे मिटून सगळ्या सांध्यांवरून अंगठ्याचं नख फिरवायचे आणि "जा" म्हणायचे, नाहीतर "नाही". कारण सांगत नसत आणि विचारलेलं खपवूनही घेत नसत.

चौथ्या दिवशी शर्यत होती. तिच्यासाठी मी साहेबाचे पाय धरून रजा मिळवली होती. आदल्या दिवशी मी एका उडीत जोरात आपटलो, गुडघा सोलला. चिखल पुसताना फ्रेमवर, हँडलच्या खालच्या सांध्याला, केसाएवढी चीर दिसली. मी काय केलं? तिच्यावर कंपनीचा स्टिकर चिकटवला. मुदत जवळ आली की आम्ही ऑफिसात हेच करायचो. आता झाका, नंतर बघू.

सकाळी काकांचं नख स्टिकरवर थांबलं. त्यांनी तो सोलून काढला. "नाही."

"काका, एकच फेरी आहे."

"नाही म्हटलं ना."

"सायकल माझी आहे. मान मोडली तर माझी मोडेल."

"मान तुझ्या आईने दिलीय. तू नुसता वापरतोयस."

माझा पाळणा समोर येत होता. मी सायकल ओढली, त्यांनी ती सोडली नाही. मी म्हणालो, "तुम्ही पंक्चर काढणारे. तुम्हाला यातलं काय कळतं?" त्यांनी फाडकन माझ्या थोबाडीत दिली. आणि मी, त्यांच्या निम्म्या वयाचा, मूठ वळून त्यांच्या तोंडावर ठोसा मारला. काका खाली बसले. हातावर थुंकले तर रक्तात दात होता.

ते उठले, हातोडा घेतला आणि त्या सांध्यावर एकच घाव घातला. फ्रेमचे दोन तुकडे झाले. मी पुन्हा अंगावर धावलो, निलेशने माझे हात मागे धरले. "असल्या घावाने चांगली फ्रेमसुद्धा तुटली असती," मी सगळ्यांसमोर ओरडत होतो, "म्हाताऱ्याने सूड घेतला!" काकांनी ग्रीसच्या फडक्याने तोंड पुसलं आणि तुकडे पोत्यात भरले.

परतीच्या गाडीत मी डबा बदलला. नंतर अडीच वर्षं कसब्यात पाऊल टाकलं नाही. आधी रागाने, मग लाजेने. लाज जास्त वाईट, कारण रागात निदान माणूस स्वतःला शहाणा समजतो.

काका गेल्याचं निलेशने फोनवर सांगितलं. दिवस झाल्यावर मी काकूंना भेटायला गेलो. दुकानाच्या मागेच त्यांचं घर. त्यांनी मला आधी कधी पाहिलं नव्हतं, तरी म्हणाल्या, "अमरावतीचे ना तुम्ही? थांबा." दुकानातल्या खिळ्यावरून माझ्या फ्रेमचा तुकडा काढून त्यांनी हातात दिला.

मी तुटलेली कड पाहिली. ती जवळजवळ सगळी काळी पडलेली होती, आतपर्यंत चिखल शिरलेला. चकचकीत होती ती फक्त एक बारीक पट्टी. हातोड्याने तुटलं होतं ते एवढंच. बाकीचं आधीच तुटलेलं होतं. पहिल्याच उडीला मी डोक्यावर पडलो असतो.

"मी म्हणायचे, बोलवा की त्याला," काकू म्हणाल्या. "तर म्हणायचे, मी कशाला बोलावू, त्याचे पाय मोडलेत का?"

मला त्यांच्याकडे बघवेना. मी म्हणालो, "काकू, त्यांचा दात मी पाडला."

"माहीत आहे. जगाला सांगायचे घसरून पडलो म्हणून. नवा बसवून घ्या म्हणून मी किती मागे लागले. म्हणाले, आधी त्याला येऊन हे भगदाड बघू दे. चांगला खजील झाला की मग बसवतो. भाकरी दुधात कुस्करून खायचे हो, पण हट्ट सोडला नाही."

"मग बसवला का?" मी विचारलं.

"नाही. तुम्ही आलात कुठे?" काकू म्हणाल्या.